इतर कुणाचे शेत करीत नाही

"हाऊ म्हसावदना. सर्वे नंबर एकशे बारा," असं म्हणून तो सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवायचा आणि दंडावरचा वीतभर व्रण समोरच्याच्या नाकाशी न्यायचा. मग मान वाकवून केस बाजूला करायचा. टाळूवर एक पांढरी पट्टी होती, तिथे केस उगवत नसत. "हाऊ प्रकाशाना. नंबर चाळीस. कुऱ्हाडना दांडा." पोटरीतला खळगा शहाद्याकडच्या एका मळ्याचा. तिथे त्याच्यावर कुत्री सोडली होती. तो खळगा तो सगळ्यात शेवटी दाखवायचा, कारण धोतर वर घ्यावं लागे आणि माणूस तसा लाजरा होता.

हे प्रदर्शन चालायचं आमच्या वकीलसाहेबांच्या नंदुरबारच्या ओट्यावर, नवा पक्षकार आला की. मी साहेबांचा कारकून. त्याचं नाव सांगत नाही, त्याची माणसं अजून आहेत. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'कब्जेदार' म्हणत. ज्याच्या नावावर बोटभर जमीन नाही त्याला कब्जेदार म्हणायचं! कोर्टातल्या माणसांना दुसरा धंदा तरी काय असतो म्हणा.

त्याचा धंदा मार खाण्याचा होता. हसू नका, खरंच सांगतो. जमिनीचा तंटा झाला की मालकी कोणाची हे मोठं कोर्ट बघतं, आणि त्यात माणसं म्हातारी होतात. पण ताबा कोणाचा, म्हणजे गेल्या सहा महिन्यांत नांगर कोणाचा चालत होता, एवढंच मामलेदार बघतो आणि महिन्या-दोन महिन्यांत निकाल देतो. आता नांगर कोणाचा चालत होता हे सिद्ध कसं करायचं? शेजारी बोलत नाहीत, ढेकळं बोलत नाहीत. पण नांगर धरलेल्या माणसाला त्याच शेतात मारहाण झाली, पोलिसपाटलाने पंचनामा केला, 'नांगरणारा इसम जखमी' असं कागदावर आलं, म्हणजे झालं. नांगरणारा आमचा, तेव्हा ताबा आमचा. समोरच्याने त्या दिवशी घरी बसून पान खाल्लं असतं तर आमची केस उभीच राहिली नसती. पण आमच्या तापीकाठची माणसं आपल्या वावरात दुसऱ्याचा नांगर दिसला की घरी बसतात होय? काठ्या घेऊन धावत यायचे आणि आमचा पुरावा आम्हाला स्वतःच्या हाताने करून द्यायचे. वीस वर्षांत एकही जण शहाणा निघाला नाही.

त्याचा एकच नियम होता. आपण हात उचलायचा नाही. "हात उचला का खटला गया," तो म्हणायचा. "मारू द्या. तुम्ही लिखा."

म्हसावदचं मी डोळ्यांनी पाहिलं. दोघा चुलतभावांचा तंटा, धाकटा आमचा पक्षकार. दिवस उजाडताच ह्याने नांगर जुंपला. मी आणि दोन पंच बांधावरच्या निंबाखाली. तिसऱ्या फेरीला सहा जण आले. पहिली काठी पाठीवर बसली, तिचा आवाज मला निंबाखाली ऐकू आला. हा नांगराचं रुमणं धरून पुढेच. दुसरी काठी दंडावर बसली आणि तो फाटला. मग एकाच्या लक्षात आलं की हा रुमणं सोडत नाही तोवर नांगर चालूच राहणार. त्याने काठी उभी धरली आणि कुटावं तशी त्याच्या बोटांवर मारायला लागला. दोन बोटं मोडली. मोडलेल्या बोटांनी ह्याने ती फेरी पुरी केली, बांधाला आला, तोंडातलं रक्त थुंकला आणि माझ्याकडे बघून ओरडला, "भाऊसाहेब, लिखी ऱ्हायनात ना?"

मी कसला लिहितोय! मी निंबाच्या बुंध्याशी बसून ओकत होतो.

त्याला गाडीत घालून आम्ही प्रकाशाला आणलं, नावेतून तापी ओलांडली. नावेत तो शुद्धीत होता आणि कुरकुरत होता. मोठ्या चुलतभावाची माणसं काही कामाची नाहीत, एकाची काठी तर घरच्या चुलीतली होती, म्हणे. नावाडी हसला. मीही हसलो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण हसलो खरा.

दुसऱ्याच्या तंट्यात हा नियम त्याने एकदाच मोडला. कोपरलीकडच्या एका वावरात चौघं त्याला झोडत होते, तो नेहमीसारखा खाली मान घालून. त्यातल्या एकाने बैलाच्या तोंडावर काठी घातली. बैलाचा डोळा बाहेर आला. ह्याने रुमणं सोडलं, त्या माणसाचा गळा धरला, त्याला ढेकळात पाडलं आणि तोंडावर बुक्क्या घातल्या त्या घातल्याच. जबडा लोंबायला लागला तेव्हा कुठे इतरांनी त्याला ओढून काढलं. "बैलले कसाले मारस रे?" तो ओरडत होता. "त्या मुका जनावरनी काय सही करी व्हती?" खटला गेला. पक्षकाराने साहेबांच्या नावाने बोटं मोडली. हा आठ दिवस त्या बैलापाशी हळद आणि तूप घेऊन बसला, आणि बैल दुसऱ्याचा होता बरं का.

आता माझ्या भागाचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच बसलोय, बाकी सगळं पाल्हाळ.

मार खाऊन झाला की कोर्टात जबानी द्यावी लागे. ती मी आधी लिहून काढायचो आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचो. लिहायला-वाचायला येत नसलं तरी पाठांतर पक्कं. कोर्टात घडाघडा बोलायचा आणि खाली अंगठा. 'मी अमुक यांचा सालदार आहे. गेली पाच वर्षे बारमाही त्यांच्याच शेतावर राबतो.' इतपत पुरे होतं. साहेब एवढंच सांगायचे. पण मला अक्षराची आणि भाषेची घमेंड. मला वाटलं, जबानीला जरा जोर हवा. म्हणून मी शेवटी एक वाक्य माझ्या मनाने घातलं: 'इतर कुणाचे शेत करीत नाही.' साहेब खूश झाले. मग मी ते प्रत्येक जबानीत घालायला लागलो. म्हसावदच्या, प्रकाशाच्या, कोपरलीच्या. वाक्य माझं, अंगठा त्याचा.

आणि तो खरोखर शेत करत होता हो! गोमाईच्या काठाला पाच-सहा बिघे, निमबटाईने. निम्मं मालकाला, निम्मं ह्याला. कागद नाही, पत्र नाही. म्हाताऱ्या मालकाने तोंडी 'कर' म्हटलं आणि हा करत राहिला. मी एकदा जेवायला गेलो होतो. बायकोने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं. तो मला मिरचीच्या ओळींमधून हिंडवत होता आणि खाली पडलेली एकेक मिरची उचलून सदऱ्याच्या खिशात टाकत होता. ओट्यावर बाह्या सरकवणारा माणूस तो नव्हेच. आवाजसुद्धा हळू. दादर ज्वारी वाऱ्याने आडवी झाली होती, ती तो हाताने उभी करत होता. मी म्हटलं, "असं वावर असताना लोकांचा मार कशाला खातोस?" तो म्हणाला, "वावर वरीसले निम्मं देस, भाऊसाहेब. मार बठ्ठा मन्हा ऱ्हास." माराच्या पैशात वाटेकरी नव्हता.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत नवा कूळकायदा आमच्या जिल्ह्यात लागू झाला. सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्या कुळाला मालक काढू शकणार नाही. त्याच सुमाराला म्हातारा मालक वारला आणि त्याच्या पोराने ह्याला सांगितलं, वावर सोड. हा धावत ओट्यावर आला. बाही वर नाही, काही नाही. "कायदा उना, भाऊसाहेब! आते माले कोन्ही काढी सकत नही. सहा काय, एकोनीस वरीस करी ऱ्हायनू!" साहेबांनी त्याच्याकडून फी घेतली नाही. आमच्याकडे त्याच्याइतका राबलेला माणूस नव्हता. मी अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिलेला सर्वांत सरळ अर्ज, त्यात एक अक्षर बनवावं लागलं नाही.

मालकाचे वकील तपकीर ओढणारे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ह्याला पिंजऱ्यात उभा केला आणि समोर पाच कागद मांडले. अधिकृत नकला. मला लांबूनच कळलं कसले ते.

"ही म्हसावदच्या दाव्यातली जबानी. अंगठा तुझा?"

"हो."

"यात तू म्हणतोस, 'गेली पाच वर्षे बारमाही त्यांच्याच शेतावर राबतो. इतर कुणाचे शेत करीत नाही.' बरोबर?"

वकिलांनी दुसरा कागद वाचला, तिसरा वाचला. पाचही कागद वाचले. प्रत्येकाच्या शेवटी माझं वाक्य. शेवटी त्यांनी तपकिरीची चिमूट घेतली आणि विचारलं, "आता सांग. या जबान्या खऱ्या की खोट्या?"

खऱ्या म्हटलं तर गोमाईकाठचं शेत त्याने कधी केलंच नाही. खोट्या म्हटलं तर खोटी शपथ, तुरुंग, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: लिहून कोणी दिल्या?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांच्या मागे बाकावर बसलो होतो. मला उभं राहता आलं असतं. 'साहेब, ते वाक्य माझं आहे, त्याला लिहिता येत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मी खाली बघितलं. दौतीचं झाकण घट्ट आहे की नाही ते बघितलं. भित्रा, दुसरा शब्द नाही.

"खऱ्या," तो म्हणाला.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर मी त्याच्यापुढे उभा राहिलो. तोच म्हणाला, "खोटी शे म्हनतू, ते कोन्ही लिखी आस इचारतात. मंग तुम्ही कोठे जाशात? तुमना पोऱ्या आजून ल्हाना शे." आणि माझ्या खांद्यावर त्या वाकड्या बोटांचा हात ठेवला. मी म्हटलं, अपील करू. धुळ्याला जाऊ. तो म्हणाला, "करा." पण तो ऐकत नव्हता, रस्त्याकडे बघत होता.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, चौथ्या दिवशी मी अपिलाच्या कागदावर अंगठा घ्यायला गेलो. साहेबांनी निरोप दिला होता, वावरात पाऊल टाकू नकोस म्हणावं, अपिलाला बाध येईल. मी पोचलो तेव्हा त्याने नांगर जुंपला होता. बायको बांधावर पाण्याचं मडकं घेऊन बसली होती. मी हाका मारल्या. तो बैल थांबवून म्हणाला, "बांधवर बसा, भाऊसाहेब. आज लिखानं नही."

मालक चार माणसं घेऊन आला. तिघांकडे काठ्या, एकाकडे धाऱ्या, झाडं छाटायचा तो लांब दांड्याचा कोयता. मालकाने त्याला हात लावला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मालक पुढे झाला, बैलाची वेसण धरली आणि नांगर बांधाकडे वळवायला लागला. "निकाल लागला. नीघ माझ्या वावरातून," एवढंच तो बोलला.

ह्याने जुवाची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, उपटली आणि मालकाच्या डोक्यात घातली.

मी वीस वर्षं ह्या माणसाला मार खाताना पाहिलं होतं. मारल्याचं एकदाच ऐकलं होतं, ते कोपरलीचं. त्या दिवशी वीस वर्षांचा सगळा मार त्याच्या हातातून बाहेर आला. मालक खाली पडला तरी तो मारत होता. एक काठीवाला आला, त्याच्या गुडघ्यावर शिवळ बसली, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसऱ्याचं नाक फुटून तो हाताने चेहरा धरून पळाला. हा शिव्या देत नव्हता, ओरडत नव्हता, नुसता घशातून हुंकार. बैल बिथरले आणि नांगर ओढत मिरचीच्या जुन्या धसकटांतून धावले. त्याने एक क्षण बैलांकडे पाहिलं. तेवढ्यात धाऱ्या मानेत बसला.

तो गुडघ्यावर आला. परत उठायला बघत होता. त्या माणसाने पुन्हा मारला, खांद्यावर, मग पाठीवर, मग कुठे ते मला सांगवत नाही. तो पडल्यावरही ते मारत होते. बायको मडकं टाकून धावली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा थांबले. तिच्या हाताचा एक तुकडा गेला होता, तिला ते घरी गेल्यावर कळलं. मी बांधावर बसलो होतो. माझ्या हातात अपिलाचे कागद होते आणि ते मी छातीशी धरले होते, जणू मलाच कोणी मारणार होतं.

धुळ्याला खटला चालला. मी साक्षीदार. त्यांच्या वकिलाचा प्रश्न एकच: पहिला हात कोणी उचलला?

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात खोटं घातलं होतं. त्या पिंजऱ्यात एक खोटं माझ्या स्वतःच्या तोंडात घातलं असतं तर त्याच्या बायकोला तरी न्याय मिळाला असता. पण मला त्याची उलटतपासणी आठवली, आणि मी घाबरलो. "त्याने," मी म्हणालो. खरं बोललो. जमीन मालकाच्या ताब्यात होती असा निकाल होताच, त्याला आधार त्या पाच जबान्यांचा. मालक आपली जमीन आणि जीव वाचवत होता, असं ठरलं. धाऱ्यावाल्याला थोडी शिक्षा झाली, बाकीचे सुटले. मालक डोक्याला फडकं बांधून कोर्टात बसायचा. पुढे पुढे ते फडकंही गेलं.

पावसाळा संपता संपता त्याची बायको ओट्यावर आली. गोमाईच्या काठावरून पायी निघाली होती, तापी नावेतून उतरली होती. डाव्या हाताला दोन बोटं कमी. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, प्रांतसाहेबाला अर्ज करायचा. साहेबांनी आतून सांगितलं की आता काही होणार नाही, बाईंना समजावून सांग. मी समजावलं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "लिखा."

"काय लिहू, बाई?"

"हाई वावर आम्हीन एकोनीस वरीस करं, आस लिखा. दुसरं कोन्हं वावर करं नही, आस लिखा."

माझा टाक कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. शाईचा डाग पसरला. मी दुसरा कागद घेतला. तिला वाटलं असावं की मला लिहायचं नाही, म्हणून ती जरा पुढे सरकली आणि मला समजावल्यासारखं हळूच म्हणाली, "तुम्हीच लिखा, भाऊसाहेब. आमना घरना मानूस कायम म्हने, तुम्ही लिखं का ते कोन्ही खोडी सकत नही."